पडलेला पतंग मुलांच्याच हातात राहू द्या

पालकहो, संक्रांत जवळ आली की बाजारातली पतंगांची दुकानं गजबजतात आणि आपण मुलांना हवे तेवढे पतंग घेऊन देतो. यंदा एक पतंग तरी त्यांना घरी करू द्या. पातळ कागद, बांबूच्या दोन काड्या, खळ आणि दोरा, एवढंच सामान लागतं. उभी काडी जरा जाड आणि ताठ, कमानीची बारीक आणि लवचीक.

पहिला पतंग बहुतेक नीट उडणार नाही. खरं शिकणं तिथेच सुरू होतं, म्हणून तो लगेच आपल्या हातात घेऊन दुरुस्त करू नका. "काय झालं असेल?" एवढंच विचारा. पतंग एका अंगाला झुकत असेल तर उभी काडी बोटावर तोलून पाहू द्या. एक बाजू जड निघाली, तर हलक्या बाजूला कागदाचा कपटा चिकटवून तोल साधता येतो. गिरक्या खात असेल तर शेपटी लावून पाहू द्या. तिला वारा मागे ओढतो, त्यामुळे पतंग स्थिरावतो. वर चढतच नसेल तर मंगळसूत्राची, म्हणजे पतंगाला बांधलेल्या ज्या दोऱ्याला उडवायचा दोरा जोडतात त्याची, गाठ थोडी वर-खाली करू द्या. पतंग वाऱ्यापुढे किती कलून उभा राहणार, हे त्या गाठीवर ठरतं. मात्र एका वेळी एकच बदल करायचा आणि काय घडलं ते वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे जमलं ते कळत नाही.

विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरनेही आधी पतंगच केला होता. पंख पिळून विमान सांभाळता येईल का, हे त्याने 1899 मध्ये सुमारे पाच फुटी पतंगावर तपासलं. दोघा भावांचं इंजिनाचं विमान उडालं ते 1903 मध्ये.

चाचणीसाठी कठडा नसलेली गच्ची नको, विजेच्या तारांजवळची जागाही नको. मोकळं मैदान गाठा. दोरा साधा सुतीच घ्या. नायलॉन मांजाने माणसांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे.

पतंग कुणाचा उंच गेला, याची तुलना करू नका. कालच्यापेक्षा आज काय बदललं आणि का, हे मुलांना विचारा. आणि उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.