आरोग्य सल्ला : संगणकाचे वाय-फाय आणि शरीर

घरातल्या वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतल्या असतात. क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढू शकतात; या लहरींना ते जमत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतकी असते. शरीरावरचा त्यांचा नीट सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना मिळणारी उष्णता. ती किती मिळेल हे मुख्यतः उपकरणाची शक्ती आणि शरीरापासूनचे अंतर यांवर ठरते.

मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, म्हणून भीती वाटते. पण ओव्हनच्या बंद पेटीत ७०० ते १००० वॉट ओतले जातात, तर राउटर साधारण ०.१ वॉट सगळीकडे पसरवतो. एक मीटरवर त्यातले दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॉट पोहोचतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसामान्य माणसासाठी घातलेली मर्यादा दर चौरस मीटरला १० वॉट आहे. अगदी २० सेंटिमीटरवरही हा आकडा ०.२ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या पन्नासाव्या भागाइतकाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात ठेवले, हे खरे आहे. त्यामागचा मानवी पुरावा मुख्यतः कानाला लावून वापरल्या जाणाऱ्या मोबाइलबद्दलचा होता आणि संस्थेने तो मर्यादित ठरवला होता. हा गट पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे.

वाय-फाय सुरू झाले की डोके दुखते, झोप लागत नाही, अशी तक्रार अनेकांची असते. हा त्रास खोटा समजून रुग्णाला परतवणे ही वैद्यकीय चूक आहे. मात्र लहरी चालू आहेत की बंद, हे रुग्ण आणि तपासणारा या दोघांनाही कळू न देता केलेल्या प्रयोगांत लक्षणे लहरींशी जुळत नाहीत, असेच दिसत आले आहे. म्हणून कारण दुसरीकडे शोधावे लागते: चष्म्याचा नंबर, रक्तदाब, रक्तातले लोह, अपुरी झोप, मनावरचा ताण. सगळा दोष राउटरवर टाकला की ही तपासणी राहून जाते, आणि खरे नुकसान तिथे होते.

आता जोडणीच्या तक्रारीकडे वळू. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वाय-फाय सतत तुटत असेल तर काही जण सिग्नलची शक्ती वाढवण्यासाठी प्रणालीतला देशाचा संकेत बदलून दुसऱ्याच देशाचा टाकतात. हे करू नये. त्याने देशातला नियम मोडतो, शिवाय राउटरचा संगणकाकडे येणारा सिग्नल तसूभरही वाढत नाही. पुष्कळदा दोष साधा असतो. यूएसबी ३ जोडण्यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट निघतो आणि शेजारच्या छोट्या वाय-फाय डोंगलला काही ऐकू येत नाही. हाताभर लांबीची एक्स्टेंशन केबल लावून डोंगल दूर, मोकळ्यावर ठेवला की जोडणी सुधारते आणि तो शरीरापासूनही लांब जातो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानेही हा गोंगाट टळतो. मात्र त्या लहरी भिंतीतून कमी पार होतात.

तपासणीला क्रम असावा. आधी वाय-फाय बटणाने किंवा प्रणालीतून बंद तर झालेले नाही ना, हे पाहावे. मग चिपचे फर्मवेअर बसवलेले आहे का ते पाहावे. ड्रायव्हर असूनही ही वेगळी फाइल नसल्याने अनेक कार्डे मुकी राहतात. लिनक्सच्या डेबियन या वितरणाने ती २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिली. त्यानंतर कार्डाची वीजबचत बंद करून पाहावी. एकामागून एक अंदाजाने आज्ञा देत मध्यरात्र उलटवण्यापेक्षा हे बरे.

कारण लहरींपेक्षा अशा बैठकीचा भार शरीरावर अधिक पडतो. पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटणे निम्म्याहून कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मान पुढे झुकते, मनगट टेबलाच्या कडेवर दाबले जाते. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला ठेवावी. झोपेच्या तासभर आधी दुरुस्ती थांबवावी, भले जोडणी तुटलेलीच राहो.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले डिफिब्रिलेटर असलेल्यांनी राउटर आणि डोंगल छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. त्याच खोलीत बसायला हरकत नाही. हाताला मुंग्या येऊन पकड सैल होणे, अचानक दिसेनासे होणे किंवा आजवर कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाल्यास त्याचा संबंध वाय-फायशी लावत न बसता डॉक्टरांना दाखवावे. शेवटच्या दोन लक्षणांत तर ताबडतोब.