स्पर्धा घ्यायची की नाही? मामा-भाचीची वादावादी

मामा शिरूरचे, आरोग्य खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाची दौंड तालुक्यात क्रीडाशिक्षिका. मुलींचा कबड्डी संघ तिच्याकडे. दोन्ही तालुक्यांतल्या शाळकरी मुलींची स्पर्धा दरवर्षी भरवायचं मंडळींनी ठरवलंय. नियमावलीतलं ‘साथ आली तर’ हे कलम लिहायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं, म्हणून ती मामांकडे आली.

भाची : मामा, सरळ सांगा. साथ चालू असताना स्पर्धा घ्यायची की नाही?

मामा : सरळ सांगणारे २०२० मध्ये पैशाला पासरी होते. कुणी डांबरी रस्त्यावर औषध फवारलं, कुणी माणसांवरही मारलं. फाटकावर एक पोरगा तापाची बंदूक घेऊन उभा केला की झाली आरोग्याची काळजी!

भाची : म्हणजे ताप बघायचाच नाही?

मामा : बघ ना. पण त्यावर विसंबू नकोस. लक्षणं दिसायच्या दिवस-दोन दिवस आधीपासून माणूस करोना पसरवू शकतो. जून २०२० मध्ये फ्लोरिडात टॅम्पाजवळ आइस हॉकीचा एक सामना झाला. खेळाडू २२. सामन्याच्या दिवशी सगळे ठणठणीत. त्यातला एक दुसऱ्या दिवशी आजारी पडला आणि पुढच्या चार-पाच दिवसांत आणखी १३ जण. तिथला एक कर्मचारीसुद्धा. बंदुकीला यातलं काय दिसणार होतं?

भाची : ते बंद सभागृह होतं. आपलं मातीचं मैदान, वर आभाळ.

मामा : हा मुद्दा मान्य. उघड्यावर श्वासातले कण विरून जातात, धोका खूप कमी होतो. म्हणूनच मैदानांना कुलपं लावली तेव्हा माझा जीव तुटत होता. पोरं मोकळ्या हवेतून उठवून दहा बाय दहाच्या खोलीत कोंडली. पण तुझा खेळ कबड्डी. चढाई करणारी तीस सेकंद मोठ्यांदा दम घालते, पकडीत चौघी-पाचजणी अंगावर पडतात, तोंडाला तोंड. कुस्तीचं उदाहरण घे. डिसेंबर २०२० मध्ये फ्लोरिडातच शाळांच्या दोन कुस्ती स्पर्धा झाल्या. दहा शाळा, मल्ल, मार्गदर्शक, पंच मिळून १३० माणसं. चाचणी केली ५४ जणांनी, त्यातले ३८ बाधित निघाले. आपल्याकडे तर महाराष्ट्र केसरी २०२१ मध्ये झालीच नाही.

भाची : मग कबड्डी बाद, खो-खो घ्यायचा. तिथे पाठीवर हात लावून ‘खो’ म्हटलं की संपलं.

मामा : घाई नडते ती अशी. सामना किती वेळाचा? अर्ध्या-पाऊण तासाचा. उरलेला दिवस मुली कुठे असतात? केडगाव-चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला यायला तासाभराहून जास्त. एका क्रूझरमध्ये चौदा मुली, थंडी म्हणून काचा वर, गाणी चालू. स्पर्धा दोन दिवसांची असली तर रात्री वर्गातले बाक सरकवून सतरंजीवर ओळीनं झोपायचं. दुपारी एका पातेल्याभोवती जेवण. आणि शेवटी बक्षीस समारंभ! पाहुणे दोन तास उशिरा येणार आणि सगळे संघ एका मंडपात खुर्च्यांना खुर्च्या लावून. माझ्या नोकरीत एका मंडळानं ‘आरोग्याची हरकत नाही’ असं पत्र मागितलं होतं. मी म्हटलं, मैदानाचं देतो, मंडपाचं नाही. राग आला त्यांना. पाहुण्यांना फेटे बांधायला वेळ होता, मंडपाच्या कनाती सोडायला नव्हता.

भाची : मामा, माझी खरी अडचण वेगळी आहे. माझ्याकडे सतरा वर्षांखालच्या मुली आहेत. त्यांचं ते एक वर्ष गेलं की गेलं. करोनात दोन वर्षं शालेय स्पर्धा झाल्या नाहीत; प्रमाणपत्र गेलं, पुढे नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा रस्ता बुजला.

मामा : येतो त्याच्यावर. आधी आकडा. शंभर माणसांत एक जण नकळत बाधित आहे असं धर. दोन संघांचा मैत्रीचा सामना घेतलास, एका संघात बारा, म्हणजे २४ मुली. त्यात निदान एक बाधित असण्याची शक्यता शेकडा २१. आता १६ संघ बोलाव. मुली १९२. शक्यता शेकडा ८५. बाधितांचं प्रमाण तेच, फक्त तू संघ वाढवलेस.

भाची : आणि शंभरात एक की पाच, हे मला कोण सांगणार?

मामा : नेमकं कुणीच नाही. पण शंभर चाचण्यांमागे बाधित किती, हे साथीत आरोग्य खातं सांगतं. जून २०२१ मध्ये सरकारनं निर्बंधांचे पाच स्तर केले होते ते त्यावर आणि ऑक्सिजनच्या बेडवर. हा दर पाचच्या आत आणि ऑक्सिजनचे बेड पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेले, तर पहिला स्तर. दर वीसच्या वर किंवा बेड पंच्याहत्तर टक्क्यांहून जास्त भरलेले, तर पाचवा. मोजमाप चांगलं होतं. पण ते जिल्ह्याचं, आणि आपला जिल्हा केवढा! रांजणगावच्या कारखान्यांत रोज पाळ्या बदलतात, कुरकुंभलाही तेच. दौंड तर जंक्शन. शिवाय राज्य राखीव दलाचे जवान. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले जवान बाधित निघाले होते, आठवतं ना? तुझ्या स्पर्धेत मुलींसोबत रांजणगाव आणि कुरकुंभ एकाच मैदानावर येतात. म्हणून दोन्ही तालुक्यांचा आकडा बघायचा, आणि दोन आठवडे तो उतरताच हवा.

भाची : आयपीएलला हे काही लागलं नाही. ८ जानेवारी २०२२ च्या सरकारी आदेशात शहर-जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा आणि शिबिरं बंद होती, आधी ठरलेल्या राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय स्पर्धा मात्र चालू. आमच्याच पोरींवर वरवंटा.

मामा : तक्रार खोटी नाही. पण त्या आदेशात त्या स्पर्धांना प्रेक्षक नव्हते, खेळाडूंना बाहेरच्यांशी संबंध तोडून ठेवायचं होतं आणि ठरावीक दिवसांनी चाचणी होती. तुझ्या मंडळाला ते परवडेल? त्यांनाही नेहमी जमलं नाहीच. ४ मे २०२१ ला आयपीएल मध्येच थांबली आणि उरलेले सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात अमिरातीत झाले. आणि एक लक्षात ठेव, आदेश असेल तर आपण डोकं चालवायचा प्रश्नच नाही. आपलं काम आदेश उठल्यावर सुरू होतं. तेव्हाच लोक मोकाट सुटतात.

भाची : घरी आजी-आजोबा असतात, ते?

मामा : त्या कुस्तीच्या साथीत एक मृत्यू झाला. तो मल्लाचा नव्हता. संपर्कात आलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाचा होता.

भाची : लस घेतली असेल तर?

मामा : आजार सौम्य होतो, पसरणं पूर्ण थांबत नाही. लस आहे म्हणून क्रूझरच्या काचा वर करू नकोस. आणि जी मुलगी आजारी पडून उठली तिला लगेच चढाईला पाठवायचं नाही. विषाणूनं क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. डॉक्टरांना विचारून आधी चालणं, मग धावणं, मग सराव.

भाची : हे सगळं लिहून घेते. पण ते वर्ष, मामा. ते परत कुठून आणू?

मामा : सोडत नाहीस तू! ऐक. टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेलं. पुरुषांच्या फुटबॉलला २३ वर्षांची अट असते. वर्ष पुढे गेलं म्हणून ती अट त्या वेळेपुरती २४ केली. जिथे इच्छा होती तिथे वय सरकलं. तू लेखी मागणी कर : साथीमुळे स्पर्धा रद्द झाली तर वयोगटात एक वर्षाची सूट. क्रीडा कार्यालयाला दे, संघटनेला दे. वर्ष वाचवायचं ते कागदावर. त्यासाठी १९२ मुली मंडपात बसवायच्या नाहीत.

भाची : आणि सूट नाही दिली तर?

मामा : तर भांडायचं. त्यांच्याशी, माझ्याशी नाही.

भाची : बरं. मग कलमात काय लिहू?

मामा : आकडा चढता असेल तर स्पर्धा नाही. उतरता असेल तर लहान करून घ्यायची : आपापल्या तालुक्यात, चार संघ, एका दिवसात, उघड्या मैदानावर. मुक्काम नाही, प्रेक्षक नाहीत, समारंभ नाही; ढाल शाळेत पोचवायची. स्पर्धा थांबवायचा अधिकार एकाच माणसाला, त्याचं नाव छापायचं, आणि तो माणूस वर्गणी गोळा करणाऱ्यांपैकी नको. आजारी मुलीच्या जागी दुसरी खेळवायला परवानगी. आणि पत्रकाच्या पहिल्या ओळीत हे छाप : तापामुळे संघ आला नाही तर प्रवेश फी पूर्ण परत. त्या पाचशे रुपयांपायी लोक पोरीला गोळी देऊन मैदानात उतरवतात.