नौकेच्या यंत्राचा टेकू

अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही शेजारशेजारची राज्ये सरोवरांकरिता प्रसिद्ध आहेत. एकट्या मिनेसोटात दहा हजारांहून अधिक सरोवरे आहेत. उन्हाळ्यात तेथील रस्त्यांवर एक मौजेचे दृश्य दिसते. मोटारीमागे चाकांचा गाडा, म्हणजे ट्रेलर, जोडलेला असतो आणि एरवी माणसांना वाहून नेणारी नौका त्यावर आरूढ होऊन सरोवराकडे निघालेली असते!

या नौकेच्या पिछाडीच्या फळीला बाहेरच्या अंगाने एक यंत्र बसविलेले असते. त्यास आउटबोर्ड मोटर म्हणतात. वर इंजिन, त्याखाली लांब पाय आणि पायाच्या टोकाशी पाणी कापणारा पंखा, अशी त्याची रचना असते. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी शहरी 1909 साली अशी यंत्रे विकावयास आरंभ केला. एकदा सरोवरापलीकडून आपल्या वाग्दत्त वधूसाठी वल्ही मारीत आइस्क्रीम आणताना ते वाटेतच वितळले आणि त्यातून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याचे ते यंत्र दीड अश्वशक्तीचे व सुमारे 28 किलोग्रॅम वजनाचे होते. काम झाले की ते काढून घेता येई. आज 50 अश्वशक्तीचे यंत्र 100 किलोग्रॅमच्या आसपास भरते. ते रोज कोण उतरविणार? म्हणून ते फळीवरच राहते आणि नौकेबरोबर रस्त्याने प्रवास करते.

रस्त्यावर यंत्राचा पाय सरळ खाली ठेवला, तर तो जमिनीवर आपटण्याचे भय असते. म्हणून यंत्र मागे उचलून तिरपे करतात. तिरपे केलेले यंत्र अडकवून ठेवण्यास त्यावरच एक खिटी असते. परंतु ती उभ्या नौकेसाठी होय. वाहतुकीत तिच्यावर विसंबू नये, असे यंत्र बनविणारेच बजावतात. हादऱ्याने खिटी सुटली, तर यंत्र धाडकन खाली येते.

पाण्याने भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा. स्थिर उभे असता ती कशीबशी पेलते. तशीच धरून धावू लागा. प्रत्येक पावलागणिक खांद्याला हिसका बसतो. बादलीचे वजन तर वाढलेले नसते! फळीची अवस्था त्या खांद्यासारखी होते. कोणी म्हणेल, जी फळी पाण्यात यंत्राचा एवढा रेटा सोसते, तिला खाचखळग्यांचे काय भय? भक्कम नव्या फळीच्या बाबतीत हे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु पाण्यातील रेटा बहुधा एकाच दिशेचा असतो. रस्त्यावरचा हिसका क्षणात वर, क्षणात खाली असतो. आतून कुजलेल्या लाकडाला तो सोसत नाही, आणि तेथे पडलेली भेग सरोवराच्या मध्यावर पाणी आत घेते.

यावर उपाय साधा आहे. एका मजबूत दांड्याचे एक टोक ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीवर बसवितात. दुसऱ्या टोकाला रबर लावलेली बेचकी असते. तीत यंत्राचा पाय टेकवितात. मग यंत्र किंचित खाली आणून बेचकीत घट्ट दाबून बसवितात व पट्ट्याने बांधतात. आता हिसक्यांचा बराचसा भार फळीऐवजी ट्रेलरच्या सांगाड्यावर जातो. यंत्र फार उंच उचलून ठेवण्याचे कारण नाही; रस्त्यापासून पुरेसे अंतर राहिले म्हणजे झाले.

मात्र येथे एक मेख आहे. दांडा ट्रेलरला टेकलेला आणि यंत्र नौकेला जोडलेले. नौका सैल बांधलेली असेल, तर ती ट्रेलरवर उसळते आणि तोच दांडा यंत्रावर हातोड्यासारखे घाव घालतो. म्हणून नौकेची पिछाडी दोन्ही बाजूंनी ट्रेलरशी करकचून आवळतात. हे न करता नुसता दांडा लावण्यापेक्षा तो न लावलेला बरा.

सरोवराच्या काठी पोचल्यावर यंत्र थोडे वर उचलून दांडा मोकळा करतात, पट्टे सोडतात आणि मगच ट्रेलर उतारावरून पाण्यात मागे नेतात. दांडा तसाच ठेवून नौका लोटणारे विसरभोळेही तेथे भेटतात. यंत्र खाली करू लागताच त्यांना त्याची आठवण होते.