अंगच्छेदोत्तर जीवन आणि वैद्याचे कर्तव्य

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील जनजीवन मध्य रेल्वेच्या लोकलवर आणि कारखान्यांतील यंत्रांवर अवलंबून आहे. गाडीतून पडणे, यंत्रात हात सापडणे आणि मधुमेहातील पायाचा कोथ ही अंगच्छेदाची कारणे येथील चिकित्सकांस परिचित आहेत. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. परंतु तेल, चूर्ण वा सल्ला यांसाठी रुग्ण पुढे आपल्याच चिकित्सालयाची व औषधी दुकानाची पायरी चढतो. या उत्तरकाळाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

बंधन : सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, सद्योव्रणाच्या अध्यायात, शाखा पूर्णतः छिन्न झाली असता तप्त तैलाने दहन, कोशबंध व नंतर रोपण असा क्रम सांगितला आहे. दहनाची जागा आज शल्यकर्माने घेतली आहे. बंधनाचे महत्त्व मात्र कायम आहे. अवशिष्ट भागावर, म्हणजे स्टंपवर, पट्टा टोकाशी घट्ट व वर क्रमशः सैल बांधावा. त्याने सूज उतरते व कृत्रिम अवयवास अनुकूल आकार येतो. उलट बांधल्यास सूज वाढते. गुडघ्याखाली पाय गेलेल्या रुग्णाने आरामासाठी गुडघ्याखाली उशी घेऊ नये. सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे चालणे कठीण होते.

अभ्यंग : व्रण पूर्ण भरेपर्यंत अभ्यंग करू नये. त्यानंतर तो रात्री करावा. सकाळी त्वचा धुऊन, कोरडी करूनच कृत्रिम पाय चढवावा. तेलकट त्वचेवर तो घसरतो, आत ओलावा साचून त्वचा सोलवटते. लालसरपणा, उष्णता, स्राव वा फोड दिसल्यास पाय घालणे थांबवून रुग्णास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. मधुमेही रुग्णाचा उरलेला पायही प्रत्येक भेटीत तपासावा.

छायावेदना : 'नसलेल्या पायाची बोटे दुखतात' असे रुग्ण सांगतो. तो भ्रम समजून हसण्यावारी नेऊ नये. अवयव गेला तरी मेंदूतील त्याचे स्थान राहते, म्हणून ही वेदना खरी असते. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यासाठी आरशाचा उपाय मांडला. वातशामक उपचारांच्या जोडीने सत्त्वावजयाचाही येथे विचार व्हावा. कामधंदा गेलेल्या पुरुषास व स्वयंपाकघरात परावलंबी झालेल्या स्त्रीस धीराची गरज औषधाइतकीच असते.

प्रत्यारोपणाचे रुग्ण : याच मध्य रेल्वेवर, घाटकोपर स्थानकात, जानेवारी २०१४ मध्ये मोनिका मोरे या तरुणीचे दोन्ही हात गेले. काही वर्षे कृत्रिम हात वापरल्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईत त्यांच्यावर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. अशा रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे नियमित घ्यावी लागतात. प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी आपण सहज देतो ती गुडूची वा अश्वगंधा येथे त्या औषधांच्या विरुद्ध जाऊ शकते. प्रत्यारोपण करणाऱ्या चिकित्सकाच्या संमतीवाचून कोणतेही रसायन देऊ नये. औषधविक्रेत्या बांधवांनीही 'शक्तीसाठी काहीतरी द्या' म्हणणाऱ्यास प्रथम चालू औषधांची यादी विचारावी.

गेलेला अवयव औषधाने परत येत नाही, हे स्पष्ट सांगण्यात संकोच नसावा. मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्था व पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र यांची माहिती चिकित्सालयात लावून ठेवावी. योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.