दोन गुंठ्यांत घर जेवेल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी सांगतात, तेव्हा पोटात गोळा येतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्याकडे आठ-दहा दिवस भाजीवाला फिरकला नव्हता, तेव्हा त्या आठवणी एकदम जवळच्या वाटल्या. आमच्या घरामागे दोन गुंठे जागा आहे. बोअरला मार्चपर्यंत पाणी असतं. उद्या खरीच टंचाई आली, तर चौघांना लागणारं अन्न या जागेत पिकेल का? आणि तयारी कधीपासून करावी?
— एक वाचक भगिनी, बार्शी तालुका

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. चौघांचं सगळं अन्न दोन गुंठ्यांत पिकणार नाही. भाजी मात्र वर्षातले बहुतेक दिवस घरची होईल, थोडं कडधान्य आणि कंदही निघतील. तयारी कधीपासून, याचं उत्तर आहे आजपासून, कारण बाजार भरलेला असतानाच ती करता येते.

धान्याचा हिशेब मांडून पाहू. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरलं, तर चौघांना दिवसाला १ किलो ६०० ग्रॅम आणि वर्षाला ५८४ किलो लागतं. म्हणजे जवळजवळ सहा क्विंटल. तुमच्या भागात कोरडवाहू रब्बी ज्वारी बऱ्या वर्षी एकरी चार-पाच क्विंटल उतरते. एकराचे गुंठे चाळीस. तेव्हा दोन गुंठ्यांत वीस-पंचवीस किलो ज्वारी होईल आणि ती घराला जेमतेम पंधरा दिवस पुरेल. त्यात पाखरांचा वाटा वेगळाच.

म्हणून धान्य साठवायचं आणि भाजी पिकवायची. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी उन्हं देऊन कोठीत ठेवल्या की वर्षभर टिकतात. मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. रस्ता बंद झाला, डिझेल महागलं किंवा बाजार बसला की ताटातून सगळ्यात आधी भाजी जाते. दोन गुंठ्यांनी तीच जागा भरून काढावी.

जगानं हे अनुभवलं आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि अन्नासाठी परदेशावर विसंबलेल्या ब्रिटनमध्ये सरकारनं लोकांना अंगणं, मैदानं, बागा खणायला सांगितलं. अमेरिकेत १९४३ पर्यंत अशा सुमारे दोन कोटी युद्धकालीन बागा झाल्या. त्या बागांनी लोकांना बटाटे, कोबी, गाजरं दिली. गव्हाचा मोठा भाग मात्र ब्रिटनला समुद्रापलीकडून आणावा लागला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर क्यूबात डिझेल आणि रासायनिक खतं मिळेनाशी झाली. हवानाच्या लोकांनी मोकळ्या जागांत विटांचे, पत्र्यांचे वाफे बांधले, त्यांत कंपोस्ट भरलं आणि शहराच्या मध्यभागी भाजी पिकवली. तिथंही धान्याचा प्रश्न वाफ्यांनी सुटला नाही. घरची बाग जेवणाचा एक भाग सांभाळते, पण तो भाग नसला की माणूस आजारी पडतो.

प्रश्न : पाणी मार्चपर्यंतच आहे. मग उन्हाळ्यात काय करायचं?

उत्तर : जुनी माणसं सांगतात की बाहत्तरला खायला नव्हतं, तरी पिण्यापुरतं पाणी होतं. तेव्हा अमेरिकेतून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पुढचे दुष्काळ उलटे आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. रेशनवर धान्य होतं आणि नळ कोरडे होते. म्हणून आपल्याकडे बागेचा आराखडा पाण्यापासून सुरू करावा लागतो.

ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जल जीवन मिशनचा मापदंड माणशी रोज ५५ लिटर आहे. चौघांचे झाले २२० लिटर. त्यातलं आंघोळीचं, भाज्या-धान्य धुतल्याचं, भांडी विसळल्याचं मिळून दीडशे लिटर तरी बागेकडे वळवता येईल. उन्हाळ्यात भाजीला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे सांडपाण्यावर पंचवीस-तीस चौरस मीटर, साधारण पाव गुंठा हिरवा राहील. एप्रिल-मेमध्ये तेवढाच पाव गुंठा जगवा आणि बाकीच्या जागेला विश्रांती द्या. त्या वाफ्यांवर चार बोटं जाडीचं पाचटाचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. त्याच्याखाली माती ओलसर राहते आणि पाण्याच्या पाळ्या कमी होतात. साबणाचं पाणी आधी वाळू-विटांच्या गाळणीतून किंवा कर्दळी-अळूच्या चरातून जाऊ द्या. तसलं पाणी कच्च्या खायच्या पाल्यावर कधीही ओतू नका.

तुमच्या बागेची खरी कसोटी मार्च ते जूनमध्ये आहे. त्या चार महिन्यांची भाजी आधीच्या आठ महिन्यांत पिकवून ठेवावी लागते.

प्रश्न : मग लावायचं काय काय?

उत्तर : तीन प्रकारांत विचार करा.

पहिला प्रकार, लवकर येणारं. मेथी, माठ, तांदुळजा २५-३० दिवसांत कापणीला येतात, मुळा दीड महिन्यात, भेंडी-गवार पन्नासेक दिवसांत. यांची पेरणी एकदम करू नका. दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरा, म्हणजे एका आठवड्यात भाजी वाया आणि पुढच्या आठवड्यात हात रिकामा, असं होणार नाही.

दुसरा प्रकार, पोटाला आधार देणारं. दोन गुंठ्यांतला अर्धा गुंठा रताळ्याला द्या. पाणी मिळालं तर एका गुंठ्यात शंभर किलोच्या आसपास रताळी चार महिन्यांत निघतात. पोट भरण्याच्या हिशेबात तीन-साडेतीन किलो रताळी म्हणजे एक किलो ज्वारी. तेव्हा रताळ्याचा एक गुंठा कोरडवाहू ज्वारीच्या तीन गुंठ्यांइतकं अन्न देतो, आणि वेलाचा कोवळा पाला भाजीला होतो तो वेगळाच. सुरण आठ-नऊ महिने घेतो, पण काढल्यावर सावलीत बरेच दिवस टिकतो. कुंपणावर वाल, घेवडा, चवळी चढवा. शेंगा ओल्या असताना भाजी आणि वाळल्या की कडधान्य, शिवाय मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र धरून ठेवतात.

तिसरा प्रकार, उन्हाळ्यात साथ देणारं. शेवग्याची दोन झाडं प्रत्येक घरामागे हवीत. एकदा मुळं खोल गेली की त्याला फार पाणी लागत नाही, शेंग, फूल, पाला सगळं खाता येतं आणि बियाणं चांगलं असेल तर सहा-आठ महिन्यांत शेंगा लागतात. लाल भोपळा पूर्ण पिकवून देठासकट काढला की फडताळावर काही महिने राहतो. कढीपत्ता आणि लिंबू मोरीच्या पाण्यावर जगतात.

परसात न पेरता उगवणारी घोळ, कुर्डू, टाकळाही ओळखून ठेवा. सासूबाईंना त्या माहीत असतील. त्यांच्याबरोबर आषाढात एकदा बांधावरून फिरून या आणि पानं हातात घेऊन शिका.

एक इशारा मात्र द्यायला हवा. पूर्व विदर्भात लाखोळी नावाचं कडधान्य पिकतं. पाऊस गेला तरी ते तग धरतं, म्हणून दुष्काळात गरिबांच्या ताटात तेच उरतं. थोडं खाल्लं तर चालतं, पण महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झालं की पाय लुळे पडतात आणि तो लुळेपणा बरा होत नाही. दुधी किंवा दोडका चाखून कडू लागला, तर तोही टाकून द्या. त्या कडूपणात विष असतं. टंचाईत माणूस सगळं पोटात ढकलायला बघतो, म्हणून हे ज्ञान आधीच हवं.

प्रश्न : बियाणं तर दुकानात मिळतंच. ते साठवायची काय गरज?

उत्तर : टंचाईत दुकानही बंद असू शकतं. शिवाय संकरित बियाण्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर मूळ वाणासारखं पीक येत नाही. म्हणून निदान निम्मी बाग सरळ, गावरान वाणांची ठेवा.

सुरुवात सोप्या पिकांपासून करा. वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांचं परागण बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. भोपळा, दोडका, काकडी यांच्यात मधमाशा परागकण इकडून तिकडे नेतात. तेव्हा त्या-त्या वेलाचा एकच वाण लावा. सगळ्यात निरोगी झाडाची पहिली चांगली फळं बियाला राखा, खायला तोडू नका. बी सावलीत वाळवा, राखेत घोळून मडक्यात भरा, कडुनिंबाचा पाला घाला, तोंड कापडानं बांधून लिंपून टाका. मडक्यावर वाण आणि वर्ष लिहा. कांद्याचं बी वर्षभरातच निकामी होतं, वांग्या-टोमॅटोचं तीन-चार वर्षं उगवतं. पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. आठ फुटले तर बी चांगलं, पाचच फुटले तर दुप्पट पेरा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी याच पद्धतीनं गावरान वाणांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या वालाच्या आणि भाज्यांच्या वाणांमागे आया-आज्यांचं जपलेलं ज्ञान आहे. ते ज्ञान तुमच्या गल्लीतही असेल. आळीतल्या पाच घरांनी पाच पाच वाण जपले आणि दर वर्षी एकमेकींना मूठमूठ दिले, तरी गल्लीत पंचवीस वाण राहतील.

प्रश्न : जागा मुरमाड आहे. माती कशी सुधारायची?

उत्तर : मातीला वेळ लागतो, म्हणून तीच कामाला सगळ्यात आधी घ्या. दोन गुंठ्यांना वर्षाला साधारण अर्धा टन कुजलेलं शेणखत पुरतं. जनावर नसेल तर तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा करा. त्यात घरचा ओला कचरा, पालापाचोळा आणि थोडं शेण थराथरानं भरा, ओलावा राखा, महिन्यातून एकदा उलथा. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. पाला जाळू नका. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर ‘प्रयोग परिवार’मधून आयुष्यभर सांगत राहिले की ऊन आणि काडीकचरा ही सामान्य माणसाच्या हातातली संपत्ती आहे. मुरमाड जागेत गादीवाफे करा. जमीन खणण्यापेक्षा वर माती चढवणं सोपं जातं.

प्रश्न : आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची आहे, जमीन नाही. आम्ही काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गच्चीवर पहिली काळजी वजनाची. फूटभर ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. वावरायच्या गच्चीच्या रचनेत माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरलेला असतो. म्हणून माती अंथरू नका. वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं आणि त्यावर चार बोटं खत-माती अशा हलक्या भरणीच्या पिशव्या, टोपल्या करा आणि त्या तुळयांच्या वर, कठड्याच्या कडेनं मांडा. शंका असेल तर अभियंत्याला दाखवा. मिरची, कोथिंबीर, मेथी, पालक, वांगी, दोडक्याचा एखादा वेल एवढं नीट होतं. बाकी मटकी-मुगाला मोड आणायला जमीनही लागत नाही. दोन दिवसांत ताजं अन्न तयार होतं, आणि टाळेबंदीत अनेक घरांना त्यानंच तारलं.

प्रश्न : पिकलेलं जास्त झालं तर?

उत्तर : ताई, बार्शीचं उन्हाळी ऊन त्यासाठीच आहे. गवार आणि मेथी वाळवा, कैरीची आंबोशी करा, कोहळ्याचे सांडगे घाला, चिंच मीठ लावून ठेवा. आपल्या घरातलं वाळवण ही दुष्काळी मुलखानं शोधलेली व्यवस्था आहे. पावसाळ्यातल्या भाजीटंचाईवर ते उत्तर होतं, आजही आहे.

शेवटी एक सांगतो. बागेचं पहिलं वर्ष शिकण्यातच जातं. मावा येतो, बी फुकट जातं, पाणी कमी पडतं. हे सगळं बाजारात भाजी मिळत असताना घडलं तर त्यातून माणूस शिकतो. टंचाईच्या वर्षी घडलं तर घर उपाशी राहतं. म्हणून एकदम दोन गुंठे खणायला जाऊ नका. येत्या मृगाला शेवग्याच्या दोन बिया, वालाचा एक मांडव आणि मेथीचा एक वाफा एवढंच करा. वालाच्या पहिल्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्या आणि त्यांचं बी सासूबाईंच्या हातानं मडक्यात भरा. तुमच्या घराची तयारी त्या मडक्यापासून सुरू होईल.