सरोवराकाठचे विद्यापीठ

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन हे शहर फार मोठे नव्हे. 2020 च्या गणनेत तेथील वस्ती पावणेतीन लाखांच्या आतच भरली. परंतु या शहराची मांडणी मोठी मौजेची आहे. मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधील जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर शहराचा मध्यभाग वसला आहे. विद्यापीठ तर मेंडोटाच्या अगदी काठावरच आहे. पदवीनंतरच्या अभ्यासासाठी येथे आलेल्या विद्यार्थ्यास रानवाऱ्याची ओढ असेल, तर त्यास दूर जाण्याचे कारण नाही. सायंकाळी काम आटोपले, की काठाकाठाने चालत तो ‘पिकनिक पॉइंट’ या झाडीने भरलेल्या भूशिरावर जाऊन येतो.

याच विद्यापीठात 1861 साली जॉन म्यूर नावाचा शेतकऱ्याचा मुलगा शिकावयास आला. त्याने लाकडाचे एक अजब मेज बनविले होते. ठरावीक वेळ झाली, की ते एक पुस्तक खाली नेऊन दुसरे वर आणीत असे! पण त्याला खरा छंद लागला तो वसतिगृहाबाहेरील एका झाडाखाली. एका सोबत्याने ‘लोकस्ट’ वृक्षाचे फूल तोडून त्यास दाखविले, आणि हा उंच, काटेरी वृक्ष व वाटाण्याचा नाजूक वेल एकाच कुळातले कसे, हे समजावून दिले. तेव्हापासून म्यूर झाडाझुडपांच्या शोधात सरोवराकाठी हिंडू लागला. पुढे अमेरिकेतील अरण्ये राखण्यासाठी झटणारा म्हणून त्याचे नाव झाले. पदवी मात्र त्याने घेतली नाही.

हिवाळ्यात मेंडोटा गोठते. वर बर्फ असला, तरी खाली पाणी पाणीच राहते. कारण सुमारे 4 अंश उष्णतेचे पाणी सर्वांत जड असते, ते तळाशी बसते आणि बर्फ हलका म्हणून वर तरंगतो. मासे त्यामुळेच वाचतात. सरोवरांचा अभ्यास करणारे विद्यार्थी अशा वेळी जाड कपडे घालून बर्फावर जातात, गिरमिटाने भोक पाडतात, आणि आत उपकरणे सोडून पाण्याची उष्णता व त्यातील प्राणवायू मोजतात. स्वच्छ, टणक बर्फ निदान 10 सेंटिमीटर जाड असल्याखेरीज त्यावर पाऊल टाकू नये, असा तेथील दंडक आहे. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाचा तर मुळीच भरवसा नाही.

सरोवर गोठले, असे केव्हा म्हणावे? जुनी कसोटी अशी, की पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत नाव वल्हवीत नेता येईनाशी झाली, म्हणजे ते गोठले. या नोंदी 1850 नंतरच्या दशकापासून ठेवल्या आहेत. 1880-81 च्या हिवाळ्यात सरोवर 161 दिवस गोठलेले होते. 2001-02 मध्ये अवघे 21 दिवस. दरवर्षी इतका फरक पडत नाही. तरीही हवा तापत चालल्याने बर्फाचा काळ एकंदरीत आखूड होत आहे. बर्फ पातळ असला, तर त्यावरून चालता येत नाही आणि त्यातून नावही पुढे जात नाही. मग गिरमिट कोपऱ्यात पडून राहते, आणि वहीतील त्या आठवड्यांची पाने कोरीच राहतात.