श्वास चालतो, मग गळ्यात नळी कशाला?

प्रश्न : वडिलांना लकवा झाला. आधी तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटर लावला होता, नंतर गळ्याला छिद्र पाडून तिथे नळी बसवली. आता व्हेंटिलेटर निघाला, ते स्वतः श्वास घेतात. तरी डॉक्टर नळी काढत नाहीत. असं का? आणि त्यांचा आवाज परत येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नळी म्हणजे व्हेंटिलेटरचाच एक भाग, असं बहुतेक घरच्यांना वाटतं. म्हणून मशीन सुटलं की ‘आता हीही काढा’ म्हणून तगादा सुरू होतो. पण लकव्यात बऱ्याचदा फुप्फुसांपेक्षा घशाचंच जास्त बिघडलेलं असतं.

आपण दिवसाला साधारण लिटरभर लाळ नकळत गिळतो. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं आणि चुकून थेंब आत गेलाच तर ठसका लागतो. हे सगळं मेंदूच्या तळातल्या, मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागाच्या हुकमावर चालतं. तिथे इजा झाली की गिळणं बिघडतं आणि ठसकाही लागेनासा होतो. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते. लाळ किंवा पेज छातीत उतरत असते आणि पेशंट शांत पडलेला असतो! ताप आला, न्यूमोनिया झाला, की मग उलगडा होतो. ‘दोन चमचे चहा दिला, काही झालं नाही’ हा पुरावा मानू नका.

गळ्यातली नळी स्वरयंत्राच्या खाली, थेट श्वासनलिकेत बसते. जो बेडका पेशंटला खोकून काढता येत नाही, तो तिथून सक्शनने ओढून घेता येतो. नळीभोवतीचा छोटा फुगा वरून येणारी लाळ बरीचशी अडवतो, पण पूर्ण नाही. तोंडातल्या नळीपेक्षा ती पेशंटला सुसह्य असते, गुंगीचं औषध कमी लागतं, व्यायाम लवकर सुरू करता येतो.

‘गळ्याला छिद्र आधीच का नाही पाडलं?’ ही खंत घरोघरी असते. अमेरिका आणि जर्मनीतल्या ३८२ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. तीव्र लकवा किंवा मेंदूतला रक्तस्राव झालेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या या रुग्णांपैकी काहींना पहिल्या पाच दिवसांत छिद्र पाडायचं ठरलं, बाकीच्यांसाठी दहाव्या दिवसापर्यंत थांबायचं. सहा महिन्यांनी पाहिलं, तर जगण्यात आणि अपंगत्वात ठोस फरक दिसला नाही. तेव्हा ती खंत सोडून द्या.

आता आवाज. फुगा भरलेला असताना उच्छ्वास नळीतूनच बाहेर पडतो, स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून ओठ हलतात, आवाज येत नाही. गिळणं सुधारू लागलं की फुग्यातली हवा काढून नळीवर एकतर्फी झडप बसवतात. श्वास नळीतून आत येतो आणि उच्छ्वास स्वरयंत्रातून बाहेर जातो. अशी एक प्रसिद्ध झडप डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने शोधली. स्नायूंच्या आजारामुळे तो स्वतःच व्हेंटिलेटरवर होता. मात्र फुगा भरलेला असताना ही झडप कधीही लावायची नाही. हवा आत जाईल, बाहेर पडणार नाही आणि जीव गुदमरेल.

वडिलांची उजवी बाजू लुळी असेल, तर आणखी एक शक्यता धरून चाला. शरीराची उजवी बाजू चालवणारा मेंदूचा डावा भागच बहुतेकांमध्ये भाषाही सांभाळतो. तिथे इजा असेल तर आवाज परत आला तरी शब्द सापडायला वेळ लागतो. ते काम स्पीच थेरपिस्टचं. तो दोष नळीचा नाही.

नळी काढण्याआधी खोकल्याचा जोर, बेडक्याचं प्रमाण आणि शुद्ध तपासतात. नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहतात. मग काही काळ नळीला टोपण लावून श्वास नाकातोंडाने नीट चालतो का, हे बघतात. नळी काढल्यावर छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप मिटतं. किती दिवस लागतील, हे मात्र पेशंटगणिक बदलतं.

नळीसह घरी पाठवलं, तर डिस्चार्जआधी घरातल्या निदान दोघांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने सक्शन करून दाखवावं. सक्शन मशीन वीज गेली तरी चालणारं घ्यावं, जादा नळी उशाशी ठेवावी. नळी निघून आली, तुंबली किंवा ओठ निळे पडू लागले, तर थेट १०८ ला फोन करा.